वरच्या सभागृहाचे तीन महिने

सई आणि कबीर,

मागच्या रविवारी तुमच्या बाबाने, शैलेशने, फोन हातात धरून मला ती खोली दाखवली. खिडकी, खिडकीशी टेबल, भिंतीतलं कपाट आणि दारावर सईने रंगवून लावलेला कागद: आजीची खोली. कबीरने विचारलं, "आजी, कधी येणार?" मी म्हटलं, कळवते. मी उत्तर टाळत नव्हते. उत्तर द्यायचा माझा दिवस आला नव्हता. तो आज आहे.

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि मला लिहायलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीत जन्मभर तीच भाषा शिकवली. पण ज्यांच्याशी मला बोलायचं आहे त्यांच्याशी मी भांडले ते मराठीत. तेव्हा हे बाबाकडून वाचून घ्या. त्याला मराठी वाचता येतं, आणि का येतं तेही पुढे आहे.

आजोबा कधी गेले, कसे गेले, ते तुम्हाला माहीत आहे. ते मी पुन्हा लिहिणार नाही. एकच गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे काही राज्यांत कायदे करणारी दोन सभागृहं असतात. खालचं म्हणजे विधानसभा; तिथली माणसं लोक थेट निवडून देतात. वरचं म्हणजे विधान परिषद. आजोबा इथे हैदराबादेत त्या परिषदेत रिपोर्टर होते. वर्तमानपत्राचे नव्हे, सभागृहाचे. सभापतींच्या उंच खुर्चीखाली एक टेबल असतं. तिथे पाळीपाळीने बसायचं आणि सदस्य जे बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं. उर्दू आणि इंग्रजी भाषणांचं काम त्यांच्याकडे होतं.

आता मी त्यांच्याशी बोलते. तुम्ही दोघं नुसतं ऐका.

अहो,

आज तुमची मुदत संपली. तीन महिने पुरे झाले. तुम्ही अर्ध्यातून निघून गेलात, पण मुदत मी पूर्ण चालवली. शैलेश म्हणाला होता, "आई, इकडे यायला बाबा अडवत होते. आता अडवणारं कोण आहे?" मी त्याला म्हटलं, सदस्य गेला म्हणून सभागृहाची मुदत संपत नाही. आई दुःखाने काहीतरी बोलते आहे असं त्याला वाटलं असणार. मी अगदी शुद्धीवर होते.

ही सगळी भानगड तुमचीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी पितळेचे डबे मोडीत काढून स्टीलचे आणायचे ठरवले, तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "यावर परिषदेला विचार करायला वेळ हवा."

"कोण परिषद?"

"मी. घर चालवणारी सभा तू. बहुमत तुझं, कबूल. पण वेळ मागायचा हक्क माझा. तू पाठवलेलं मी तीन महिने ठेवून घेऊ शकतो. नाकारू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. तू तेच पुन्हा मंजूर करून पाठवलंस तर मला आणखी एक महिना. मग माझं काही चालत नाही, तुझंच खरं."

"आणि पैशाचं असलं तर?"

"मग फक्त चौदा दिवस. पैशाच्या बाबतीत आम्हाला कोण विचारतं?"

तुम्ही थापा मारताय असं मला वाटलं. मी अफझलगंजच्या लायब्ररीत गेले, राज्यघटना काढली आणि उभ्या उभ्या ते कलम वाचलं. अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले की मला हसू आलं, आज आठवत नाही. डबे तीन महिन्यांनी बदलले. फ्रिज मात्र चौदा दिवसांत आला.

माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं आणि ते मी तुमच्या तोंडावर सांगत आले: जे थांबवू शकत नाही त्याने रोखून धरायचं कशाला? शेवटी कायदा व्हायचा तो होतोच. मधल्या महिन्यांत नुसत्या खुर्च्या उबवायच्या आणि भत्ते घ्यायचे. आणि त्या खुर्च्यांवर बसतं कोण, तर निवडणुकीत पडलेले, तिकीट न मिळाल्याने रुसलेले आणि कुणाचे तरी मेव्हणे. तुम्हाला हे फार लागायचं. तुम्ही आवाज चढवत नव्हता. तुम्ही समजावायला बसत होता, आणि ते मला जास्त चिडवणारं होतं.

एकदा ज्वारीची भाकरी घेऊन तुम्ही शैलेशपुढे तिचे बारा तुकडे केलेत. चार तुकडे आमदारांनी निवडलेल्यांचे. चार नगरपालिका आणि पंचायतींकडून आलेल्यांचे. एक पदवीधरांचा, एक शिक्षकांचा. उरले दोन, ते राज्यपाल नेमतात त्यांचे: कुणी लेखक, कुणी गवई, कुणी समाजसेवक. शैलेशने राज्यपालांचे दोन्ही तुकडे आधी उचलून तोंडात घातले. तुम्ही म्हणालात, "हा पुढे वजनदार माणूस होणार." मी म्हटलं, "शिक्षकांचा तुकडा सगळ्यात लहान कापलात तुम्ही." तुम्ही निरखून पाहिलंत आणि म्हणालात, "हौ, चूक झाली," आणि पदवीधरांच्या तुकड्यातला थोडा तोडून त्याला जोडलात.

त्याच शैलेशला मी इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा तुम्ही खरोखर अडून बसलात. तो मराठी शाळेत दुसरीत होता. तुम्हाला हे मान्य नव्हतं, आणि तुम्ही पुरते तीन महिने घेतलेत. मी शाळेचा प्रवेशअर्ज आणून ठेवला होता. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. रोज संध्याकाळी मात्र त्याला घेऊन बाहेर पडायचात. सुलतान बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गोष्टींची पुस्तकं, जुने दिवाळी अंक उचलायचात आणि तिथेच पायरीवर बसून त्याच्याकडून वाचून घ्यायचात. तीन महिन्यांनी म्हणालात, "परिषदेने नामंजूर केलं." मी त्याच संध्याकाळी पुन्हा मंजूर केलं. तुम्ही उरलेला एक महिनाही सोडला नाहीत. तो संपला तेव्हा पोरगा तुम्हाला सकाळचा पेपर वाचून दाखवत होता. तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, "आता घाल कुठल्याही शाळेत."

मी त्याला इंग्रजी शाळेत घातलं ते बरोबर केलं. आजही माझं मत तेच आहे. पण आज तो परदेशात त्याच्या मुलांना हे वाचून दाखवू शकतो ते त्या चार महिन्यांमुळे, आणि हे मी तुम्हाला कधीही म्हटलं नाही. आज म्हणते. याचा अर्थ तुमची बाजू मला पटली असा काढू नका.

मग ती संध्याकाळ आली. तुम्ही नेहमीपेक्षा लवकर घरी आलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "ठराव झाला." परिषद नको, असा ठराव विधानसभेने केला होता. दिल्लीने कायदा केला की संपलं. तुम्ही मला किती वेळा सांगितलं होतं की हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, तेवढेच नवे येतात, ज्याची त्याची सहा वर्षांची पाळी. त्यामुळे ते कधी रिकामं म्हणून होत नाही. आणि तेच एका ठरावाने पुसता येत होतं. त्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी म्हणून आले होते की बरं झालं, एक खर्च कमी. तुम्हालाही तसंच सांगितलं. मनात एक आणि तोंडात एक असं मला जमत नाही.

तुम्ही म्हणालात, "तुझ्या सभेचं अभिनंदन."

थोड्या वेळाने मी विचारलं, "मग घरातली परिषदही बरखास्त का?"

"ती बरखास्त करायची तर तुला दिल्लीला जावं लागेल. संसदेत कायदा करून आण."

मी गेले नाही दिल्लीला.

परिषद मोडल्यावर तुम्हाला विधानसभेच्या टेबलावर बसवलं आणि नोकरी संपेपर्यंत तुम्ही तिथले शब्द उतरवलेत. ज्यांनी तुमचं सभागृह मोडलं त्यांचंही एक अक्षर सोडलं नाहीत. बऱ्याच वर्षांनी परिषद परत आली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होता. पुढे राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा परिषदेच्याही दोन झाल्या, आणि तुम्ही पेपर बाजूला ठेवून म्हणालात, "भांडी वाटतात तशी माणसं वाटली." पण पदवीधरांची निवडणूक आली की तुमच्या अंगात यायचं. या निवडणुकीची मतदारयादी दर वेळी नव्याने होते. मागच्या यादीत नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. पदवीची प्रत जोडून पुन्हा अर्ज करायचा. तुम्ही आपले दोघांचे अर्ज घेऊन ऑफिसात सगळ्यांच्या आधी हजर असायचात.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभे राहून माझ्या जुन्या सहकारी बायकांना बजावायचात: "बाई, बरोबरची खूण करू नका. पसंतीचा आकडा लिहायचा असतो. जन्मभर पेपर तपासलेत म्हणून इथेही खूण केलीत तर मत बाद." दर वेळी कुणीतरी ती खूण करून बाहेर यायचीच. आणि तुम्ही स्वतः आत जाऊन मराठीतला १ लिहायचात. मी म्हणायचे, "मोजणारा तेलुगू असला तर त्याला तो नऊ वाटेल." तुम्ही म्हणायचात, "नियमात आहे. कुठल्याही भारतीय भाषेतला आकडा चालतो. त्याला वाटू दे काय वाटायचं ते, मी हैदराबादेत जन्मलो आणि मराठीत मोजतो." एवढ्या मऊ माणसाचा हा एकच ताठा. मला तो फार आवडायचा.

एक गोष्ट मी इथे लिहिणार नाही. सभागृहात कुणी नको ते बोललं तर सभापती सांगतात, हे कामकाजातून वगळा, आणि रिपोर्टर ते शब्द गाळतो. आपल्या घरातही ही सोय होती. एका भांडणात मी तुम्हाला एक वाक्य बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी करता करता, आरशातच बघत म्हणालात, "कालचं ते वाक्य वगळलं." त्यानंतर त्याचा उल्लेख तुम्ही एकदाही केला नाहीत, चिडून नाही की थट्टेत नाही. ते वगळलेलंच राहील.

आता या वेळचं विधेयक. ते मी मांडलं. काचीगुड्याचं घर विकायचं, आणि आपण दोघांनी शैलेशकडे जाऊन राहायचं. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवलेत. मग म्हणालात, "परिषदेला वेळ हवा."

"घ्या. तीन महिने."

"तू कारण नाही सांगितलंस."

"कारण तुम्हाला कळतं."

कळलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. जिना चढताना तुम्ही मधल्या वळणावर थांबायला लागला होता. थांबायचात आणि मोगऱ्याची कुंडी बघत असल्यासारखं करायचात. त्या कुंडीतला मोगरा दोन उन्हाळ्यांपूर्वी वाळून गेला होता. तुम्ही रिकाम्या मातीकडे बघत श्वास घेत होता. तुमच्यासारख्या माणसाला हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी न थांबता जिना चढून दाखवला असता. म्हणून मी गप्प राहिले आणि घर विकायची भाषा केली. तिकडे जिना नाही. तिकडे शैलेश आहे, गाडी आहे, डॉक्टर जवळ आहे. मला दुसरं काहीही नको होतं.

तुमचे दिवस झाल्यावर खाली राहणारे अख्तरभाई वर आले. तीस वर्षं आपल्या तळमजल्यावर ब्लाऊज शिवणारा माणूस, पण वरच्या खोलीत बसायला त्यांना संकोच होत होता. म्हणाले, "भाभी, घर बेच रैं क्या?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साब पूछे थे मेरेकू. पूरा बैठके पूछे. बोले, अख्तर, घर बिका तो तुमकू क्या फरक पडता, खुलके बोलो. मैं बोला, फरक कैकू नै पडता साब? नया मालिक आया तो पैले मेरेकू निकालता."

"आणि ते काय म्हणाले?"

"कुछ नै. सुन लिए." मग उठता उठता म्हणाले, "एक बात और बोले. बोले, बाई का जी पोट्टे-पोट्टियों में अटका है, मैं कित्ते दिन रोकूँ."

अख्तरभाई खाली गेल्यावर मला कळलं की तुम्ही त्या दिवसांत काय करत होता. साक्षी घेत होता. बाजूच्या डॉक्टरांना विचारलंत, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलंत, मुंबईला फोन करून धाकट्या भावाला विचारलंत. ते सगळे एकेक करून भेटायला आले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं: विचारत होते. मला विचारलं नाहीत. मांडणाऱ्याला शेवटी बोलवायचं, ही तुमची पद्धत, आणि ती शेवटची बैठक झालीच नाही.

याचा मला राग आहे. आणि तो मी जपणार आहे, दुःखाच्या नावाखाली बुडवून टाकणार नाही. तुम्हाला वाटलं मी नातवंडांसाठी झुरते आहे. मला वाटलं तुमच्या छातीसाठी जायला हवं. दोघंही दुसऱ्यासाठी घर सोडायला तयार होतो आणि दोघांपैकी एकालाही सोडायचं नव्हतं. बरं, तुम्ही मला विचारलं असतंत तर मी खोटंच बोलले असते. म्हणाले असते, हो, मला मुलांजवळ राहायचं आहे. तुम्ही ते उतरवून घेतलं असतंत आणि घर विकलं असतंत. तेव्हा तुम्ही कुठे चुकलात हे सांगायला मला जागा नाही, याचा आणखी राग आहे.

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं की आता निर्णय सोपा झाला. एकटी बाई, मोठं घर, जिना. शैलेशने तिकिटाचं बोलणं काढलं. एक दलाल अख्तरभाईंच्या दारातून वर डोकावून गेला. मी सगळ्यांना एकच सांगितलं: मुदत संपायची आहे. काही हसले, काहींनी एकमेकांकडे पाहिलं. पाहू दे.

उरलेले दिवस मी बसून काढले नाहीत. पहिले काही आठवडे मी खरंच जायचं ठरवलं होतं. बॅगा उतरवल्या. इथे प्रत्येक वस्तूला तुमचा हात लागलेला होता आणि मला पळून जायचं होतं. त्या वेळी विक्रीचा कागद पुढे आला असता तर मी सही केली असती. मग बँकेतून तुमचं नाव काढलं, गॅसवरून काढलं, रेशनकार्डावरून काढलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तुमच्या नावावर रेघ मारली आणि मला तिथे सही करायला लावली. एका दुपारी मी जिना चढताना मध्ये थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की मला दम लागलेला नाही. मी सरळ चढू शकते. जिना ज्याच्यासाठी अवघड होता तो माणूस गेला. ज्याच्यासाठी घर विकायचं होतं तोच गेला. मग मी कुणासाठी चालले होते?

त्या दिवशी बॅगा परत माळ्यावर टाकल्या.

तुम्ही आता मिशीत हसत असाल तर थांबा. वाट पाहिल्याने मला शहाणपण आलं, असं तुम्हाला म्हणायचं असेल. आलं. पण परिषदेने माझं विधेयक पाडलं असं कुणी म्हणायचं नाही. ती ताकद तुमच्यात कधी नव्हतीच. आज मुदत संपल्यावर मी ते पुन्हा मंजूर करू शकते आणि महिन्याभरात घर विकून मोकळी होऊ शकते. माझं बहुमत पूर्वीपेक्षा भक्कम आहे. मी ते करत नाही. ज्याने मांडलं त्याला ते परत घेता येतं. मी माझं विधेयक, माझ्या कारणासाठी, परत घेते आहे.

शैलेशला हे आज रात्री सांगणार. तो म्हणेल, आई, पडलीस तर? मी म्हणेन, पडले तर अख्तरभाई उचलतील, आणि नाही पडले तर मी त्यांच्याकडून ब्लाऊज शिवून घेईन. मुलांना सांगणार की ती खोली त्यांनी आपला पसारा ठेवायला वापरावी. त्यांच्या सुट्टीत मी पाहुणी म्हणून येईन आणि दोन महिने त्यांच्याशी मराठीत भांडेन. सई रडेल. तिला रडू द्यावं. तिला खोटं सांगून समजूत काढण्यापेक्षा ते बरं.

पदवीधरांची यादी पुढच्या वेळी पुन्हा कोऱ्या कागदावरून सुरू होईल. तिथे मला तुमच्या नावावर रेघ मारावी लागणार नाही. तुमचं नाव त्यात नसेल, एवढंच. राहण्याचा पत्ता विचारतील तिथे मी काचीगुडा लिहीन.

विधेयक परत घेतलं. घर आहे, खाली अख्तरभाई आहेत, वर मी राहते.